अ‍ॅलन गार्नर वाचायचे तर कुठून? आणि त्यात लोककथा किती, गार्नर किती?

वाचनघर:
नमस्कार मंडळी. १२ ते १४ वयाच्या मुलांच्या वाचनगटासाठी अ‍ॅलन गार्नर या इंग्लिश लेखकाची पुस्तकं घ्यायचं ठरतंय. चार बैठका आहेत, प्रत्येकी दीड तासाची. मुलं इंग्रजी बऱ्यापैकी वाचतात, पण ब्रिटिश लोककथांची पार्श्वभूमी जवळपास शून्य. थोडे प्रश्न आहेत. सुरुवात पहिल्या पुस्तकापासून करावी का? 'द वीअर्डस्टोन ऑफ ब्रिसिंगामेन'मध्ये मूळ दंतकथा नेमकी किती आणि लेखकाची भर किती? 'द आउल सर्व्हिस'चं एवढं नाव ऐकलंय, पण ते या वयाला झेपेल का? आणि 'वीअर्डस्टोन'च्या त्रयीचं तिसरं पुस्तक, 'बोनलँड', मुलांना द्यावं का? लेखकाच्या आयुष्यातलं काय सांगायला हवं तेही कळलं तर बरं. जाणकारांनी कृपया प्रकाश टाकावा.

ओसाडगावचा:
धागा काढल्याबद्दल आभार. दंतकथेच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण गार्नर कळायला तोच रस्ता सरळ आहे.

इंग्लंडच्या चेशर परगण्यात ऑल्डर्ली एज नावाचा वालुकाश्माचा एक कडा आहे. वर जंगल, पोटात तांब्याच्या जुन्या खाणी. तिथली दंतकथा अशी: मॉबर्लीचा एक शेतकरी पांढरी घोडी विकायला मॅकल्सफील्डच्या बाजाराला निघालेला असतो. कड्यावर एक म्हातारा आडवा येतो आणि घोडी मागतो. शेतकरी नाही म्हणतो. म्हातारा म्हणतो, जा, पण तिथे हिला गिऱ्हाईक मिळणार नाही. तसंच होतं, सगळे घोडीचं कौतुक करतात, विकत कुणी घेत नाही. संध्याकाळी परतताना म्हातारा पुन्हा भेटतो, खडकावर काठी मारतो, लोखंडी दारं उघडतात. आत चिलखत घातलेले योद्धे झोपलेले, प्रत्येकाशेजारी एकेक पांढरा घोडा, फक्त एक घोडा कमी. शेतकऱ्याला सांगितलं जातं, ढिगातून हवं तेवढं धन उचल. तो खिसे भरून बाहेर पडतो, दारं मिटतात, आणि पुन्हा कुणाला सापडत नाहीत.

ही कथा १८०५ साली मँचेस्टरच्या एका वर्तमानपत्रात छापून आली. त्याआधी ऑल्डर्लीचे पाद्री श्रिग्ली ती सांगत असत. ते १७७६ मध्ये वारले. गार्नरांनी मात्र ती छापील वाचली नाही, लोहार असलेल्या आजोबांच्या तोंडून ऐकली. डोंगराच्या पोटात झोपलेले वीर हा प्रकार युरोपभर आढळतो. स्कॉटलंडच्या आयल्डन टेकड्यांतही घोड्यांच्या व्यापाऱ्याची अशीच गोष्ट आहे. आपल्या मुलांना गुहेत झोपलेल्या मुचकुंदाची आणि कालयवनाची गोष्ट आठवून द्या, म्हणजे निम्मं काम होईल.

आता गार्नरांची भर. मूळ कथेत शेतकरी धन घेऊन जातो आणि गोष्ट संपते. गार्नरांनी विचारलं: त्याने जे उचललं त्यात उचलू नये असं काही असलं तर? योद्ध्यांची झोप ज्या मण्यावर टिकून आहे तोच मणी त्या ढिगातून गेला, पिढ्यान्‌पिढ्या शेतकऱ्याच्या वंशात फिरला, आणि शेवटी सुझन नावाच्या मुलीच्या कंकणात येऊन बसला. अख्खी कादंबरी या एका फटीतून निघते. सुझन, तिचा भाऊ कॉलिन, दुष्ट शक्ती, पाठलाग हे सगळं गार्नरांचं. म्हातारा, घोडी, दारं, झोपलेले योद्धे हे परंपरेचं, म्हाताऱ्याचं नाव आणि योद्ध्यांचा १४० हा आकडा तेवढा पुस्तकातला. पुस्तकाच्या सुरुवातीला दंतकथा वेगळी छापलीच आहे. पहिल्या बैठकीत ती वाचून न दाखवता तोंडी सांगा, आणि मुलांनाच विचारा की या गोष्टीत कुठलं टोक सुटलेलं राहिलंय. दहा मिनिटं द्या. बरीच मुलं धनापाशीच येतील.

एक चूक टाळा: म्हाताऱ्याला मर्लिन आणि योद्ध्यांना आर्थर राजाचे सरदार म्हणू नका. त्या स्थानिक कथेला आर्थरचं नाव नंतर चिकटवलं गेलं. गार्नरांच्या पुस्तकात जादूगाराचं नाव कॅडेलिन आहे आणि आर्थर कुठेही नाही.

खडूफळा:
वरच्या प्रतिसादाला +१, पण सुरुवात 'वीअर्डस्टोन'पासून करू नये असं माझं मत.

कारण नावं. त्या पुस्तकात नॉर्स, आयरिश, वेल्श आणि मँक्स परंपरांतली नावं एकाच भांड्यात ढवळली आहेत. ब्रिसिंगामेन हा नॉर्स देवी फ्रेयाचा हार, मॉरिगन आयरिश, फेनोडिरी मँक्स, म्हणजे आइल ऑफ मॅन बेटावरचा. पहिल्या पन्नास-साठ पानांत या नावांचा मारा होतो आणि मुलं गळतात. शिवाय कॉलिन आणि सुझन यांना स्वभाव असा फारसा नाहीच, दोघं नुसती पळतात. हे माझं मत झालं, पण लेखकाचंही वेगळं नव्हतं: १९६०चं हे पुस्तक पुरेसं वाईट आहे असं गार्नरांनीच काही वर्षांत म्हणून टाकलं. १९६३च्या पफिन आवृत्तीसाठी त्यांनी त्यातली जादा विशेषणं आणि शेपटासारखे लोंबणारे वाक्यांश छाटले. म्हणून जुनी पहिली आवृत्ती हाती लागली तर खूश होऊ नका, वाचायला नंतरचीच घ्या.

सुरुवात 'एलिडॉर'ने करा, १९६५. मुळात बीबीसीसाठी लिहिलेलं छोटं नभोनाट्य होतं ते. मँचेस्टरची पाडायला काढलेली वस्ती, एक पडकं चर्च, चार भावंडं, खिडकीतून आत गेलेला चेंडू. तिथून मुलं उजाड झालेल्या एलिडॉरमध्ये जातात. 'चाइल्ड रोलंड'च्या जुन्या कथेचा हा सांगाडा. धाकट्या भावाचं नावही रोलंडच. आयरिश पुराणातल्या चार निधींसारखे भाला, तलवार, शिळा आणि कढई असे चार निधी त्यांच्या हाती सोपवले जातात. परत आपल्या जगात आल्यावर त्यांचं काय होतं बघा: भाला म्हणजे कुंपणाचा लोखंडी गज, तलवार म्हणजे खिळ्याने ठोकलेल्या दोन पट्ट्या, शिळा म्हणजे चर्चचा एक दगड, आणि कढईच्या जागी तडा गेलेला जुना कप.

मुलं हे बागेत पुरतात आणि घरात गोंधळ सुरू होतो. दूरचित्रवाणीवर नुसत्या रेषा, वायर न जोडलेली विजेची उपकरणं आपोआप चालू. हे का चालतं ते मुलांकडून काढून घ्या. जादूला इथे स्थिर विजेचे नियम लावलेत, त्यामुळे आईवडिलांना दरवेळी साधं स्पष्टीकरण सापडतं आणि वाचकाला मात्र घाम फुटतो. बाराच्या मुलाला हे लगेच कळतं, टिपांची गरज नाही.

शेवट दुःखद आहे आणि फार झटकन येतो. शेवटचं प्रकरण घरी वाचायला देऊ नका, बैठकीतच वाचा. नाहीतर "मग पुढे काय झालं" असं विचारत मुलं छापताना पानं गळली असं समजतात.

ओसाडगावचा:
@खडूफळा, नावांबद्दल मान्य. पण 'वीअर्डस्टोन'चा खाणीतला भाग सोडून देणं परवडणार नाही. जुन्या खाणीतून बाहेर पडताना पात्रं अर्लडेल्विंग नावाच्या अरुंद भुयारांतून सरपटतात. छत इतकं खाली की मान वळवता येत नाही, एका वळणावर पाय अडकतात, पुढे तुंबलेलं पाणी श्वास रोखून ओलांडावं लागतं. तिथे एकही राक्षस नाही, एकही मंत्र नाही, फक्त दगड आणि शरीर, आणि पुस्तकातली सगळ्यात भीतिदायक जागा तीच. पुस्तक पूर्ण नका घेऊ, दंतकथा आणि हा भाग एवढंच घ्या. मोठ्याने वाचताना सावकाश. बंद जागेची भीती असलेलं मूल गटात आहे का ते आधी बघून ठेवा.

मृद्गंध:
आयुष्याबद्दल लिहिते, कारण इथे ते पुस्तकांपासून वेगळं काढता येत नाही.

जन्म १७ ऑक्टोबर १९३४, काँगल्टन. वाढले ऑल्डर्ली एजलाच. घराणं कारागिरांचं, पिढ्यान्‌पिढ्या त्याच मुलखात. लहानपणी घटसर्प, मेंदूज्वर आणि न्यूमोनिया अशी तीन जीवघेणी आजारपणं झाली, महिनोन्‌महिने अंथरुणात छताकडे बघत गेले. चेशरची बोली बोलल्याबद्दल शाळेत तोंड साबणाने धुतलं गेल्याचं त्यांनी सांगितलंय. पुढे मँचेस्टर ग्रामर स्कूल, दोन वर्षं सक्तीची लष्करी सेवा, मग ऑक्सफर्डचं मॉडलिन कॉलेज, विषय ग्रीक-लॅटिन अभिजात साहित्य. पदवी न घेताच परतले. शिकल्यामुळे घरच्यांपासून तुटले आणि शिकलेल्यांतही उपरे राहिले, ही ओढाताण त्यांच्या जवळपास प्रत्येक पुस्तकात दिसते. 'आउल सर्व्हिस'मधला ग्विन हा वेल्श मुलगा त्याचं सगळ्यात उघड रूप.

१९५६च्या सप्टेंबरात पहिलं पुस्तक लिहायला घेतलं. १९५७ मध्ये ऑल्डर्ली एजपासून काही मैलांवर ब्लॅकडेन इथे 'टोड हॉल' हे मध्ययुगीन लाकडी चौकटीचं घर ५१० पौंडांना घेतलं आणि तिथेच राहून लिहीत राहिले. घराशेजारी जॉड्रल बँकची ७६ मीटर व्यासाची रेडिओ दुर्बीण, तीही १९५७चीच. सत्तरच्या दशकात स्टॅफर्डशायरमधल्या राइनहिलचं, पाडलं जाणार असलेलं एक जुनं लाकडी घर सुटं करून आणलं आणि टोड हॉलला लागून पुन्हा उभं केलं. तुळई-खांब उतरवायचे, दुसऱ्या जागी पुन्हा जुळवायचे. लोककथांचंही ते हेच करतात. सांधे जुनेच राहतात.

मुलांना सांगण्यासारखी एक वस्तू म्हणजे लाकडी फावडं. एकोणिसाव्या शतकात खाणकामगारांना ऑल्डर्लीच्या खाणीत ते सापडलं. पुढे गार्नर शिकत होते त्या गावातल्या शाळेत ते धूळ खात पडलं होतं. बऱ्याच वर्षांनी त्यांनी पिच्छा पुरवून त्याची तपासणी करवून घेतली, तेव्हा किरणोत्सर्गी कार्बनने वय निघालं इ. स. पूर्व १७५०च्या आसपास, म्हणजे कांस्ययुग. आता ते मँचेस्टर संग्रहालयात आहे. फावड्याचं चित्र दाखवा आणि मगच खाणीतला भाग वाचा, मुलं वेगळ्या कानांनी ऐकतील.

कड्यावर जादूगाराची विहीर म्हणून एक झरा आहे, खडकात दाढीवाला चेहरा कोरलेला. तो आपल्या दगडफोड्या खापरपणजोबांनी, रॉबर्टनी कोरला असं गार्नर सांगतात. म्हणजे परंपरा जपणारेच परंपरा बनवतही होते, आणि याची त्यांना गंमत वाटत असावी!

पुस्तकात येणाऱ्या जागा, कासल रॉक, स्टॉर्मी पॉइंट, एंजिन व्हेन, सगळ्या खऱ्या आहेत आणि नकाशावर सापडतात. कुणी पालक तिकडे जाणार असतील तर खाणीत आपापलं उतरू नये हे आवर्जून सांगा. खाणींची देखरेख डर्बीशर केव्हिंग क्लबकडे आहे आणि त्यांच्या खुल्या दिवशी माहितगारांबरोबर आत जाता येतं.

जुनाबुकमार्क:
'आउल सर्व्हिस' १९६७. कार्नेगी पदक आणि गार्डियन पुरस्कार दोन्ही मिळाले. पण वाचनगटांत सगळ्यात जास्त फसतं ते हेच पुस्तक, आणि कारण नेहमी एकच: मूळ कथा न सांगता थेट सुरुवात.

'मॅबिनॉगी' या जुन्या वेल्श कथामालेची चौथी शाखा, म्हणजे चौथी कथा, थोडक्यात अशी. आरियान्रोद आपल्या मुलाला, ख्लेउला, शाप देते की पृथ्वीवरच्या कुठल्याही वंशातली बायको तुला मिळणार नाही. मॅथ आणि ग्विदियन हे जादूगार ओक, ब्रूम आणि मेडोस्वीट यांच्या फुलांतून त्याच्यासाठी स्त्री घडवतात, ब्लोदेवेद. ती ग्रोनूच्या प्रेमात पडते. ख्लेउला मारणं जवळजवळ अशक्य: तो ना घरात मरेल ना बाहेर, एक पाय बोकडाच्या पाठीवर आणि एक न्हाणीच्या काठावर असेल तेव्हाच, तेही वर्षभर खपून केलेल्या भाल्यानेच. (हिरण्यकशिपू आठवला ना?) ती त्याच्याच तोंडून हे काढून घेते. भाला लागतो, तो गरुड होऊन उडून जातो. ग्विदियन त्याला पुन्हा माणूस करतो. मग ग्रोनूची पाळी. तो मध्ये दगड धरू द्या म्हणतो, भाला दगड भेदून त्याला मारतो. ब्लोदेवेदचं घुबड केलं जातं. हे सांगायला १५ मिनिटं पुरतात, त्यात हात आखडू नका.

गार्नरांनी यात काय केलं? कथेचा पुन्हा एकदा खेळ मांडला नाही. वेल्समधल्या एका दरीत ही घटना संपलेलीच नाही, दर पिढीत तीन माणसांना ती पुन्हा जगावी लागते, असं धरलं. आत्ताची तिघं म्हणजे अ‍ॅलिसन, तिचा सावत्र भाऊ रॉजर आणि स्वयंपाकिणीचा मुलगा ग्विन. माळ्यावर ताटांचा संच सापडतो, त्यावरच्या फुलांच्या नक्षीतून अ‍ॅलिसन कागदी घुबडं करते, आणि ताटं कोरी होत जातात. अशी ताटं खरोखर होती. त्या फुलांत घुबडाचं डोकं दिसलं ते गार्नरांच्या सासूबाईंना.

लिहिण्याची पद्धत सांगायलाच हवी. या पुस्तकासाठी ते वेल्श शिकले, आणि शिकले ते कशासाठी, तर पानावर वेल्श शब्दांची सजावट टाळता यावी म्हणून! पात्रांच्या बोलण्याच्या लयीत वेल्श आहे, वर चिकटवलेलं नाही. निवेदन जवळजवळ गायब, सगळं संवादांवर. कोण बोलतंय हेही पुष्कळदा सांगत नाहीत. अ‍ॅलिसनची आई पूर्ण पुस्तकात एकदाही समोर येत नाही, तरी सगळं घर तिच्या मर्जीने हलतं. मुलं अडकतात ती इथे, शब्दांपाशी नाही. उपाय: पहिली दोन प्रकरणं पात्रं वाटून नाटकासारखी वाचून घ्या. एकदा आवाज बसले की पुढचं जमतं.

वय १३च्या पुढे. चौदाच्या मुलांना वर्गभेदाचा धागा छान कळतो, बाराच्यांना फक्त घुबडं दिसतात.

हाताचं काम हवं असेल तर पातळ कागदावर ताटाएवढं वर्तुळ, कडेला फुलांची नक्षी, आणि तीच फुलं कापून-दुमडून घुबड जमतं का ते बघायचं. जाड कार्डपेपर देऊ नका, दुमडत नाही आणि मुलं वैतागतात. वीस मिनिटं धरा.

वाचनघर:
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. दोन शंका राहिल्या. 'द मून ऑफ गॉमरॅथ' आणि 'बोनलँड'चं काय करू? आणि चौथ्या बैठकीला काय ठेवू? 'रेड शिफ्ट'चं नाव कुणीतरी सुचवलं होतं.

खडूफळा:
'रेड शिफ्ट' अजिबात नको. १९७३चं ते पुस्तक मुलांच्या यादीत छापलं गेलं म्हणून घोटाळा होतो. रोमन काळ, १६४३ मधलं बार्थोमली चर्चचं हत्याकांड आणि आधुनिक काळ असे तीन काळ, कसलीही सूचना न देता एकातून दुसऱ्यात. तिन्हींना जोडणारी दगडी कुऱ्हाड. आणि शेवटी सांकेतिक लिपीतलं पत्र, जे वाचकाने स्वतः उलगडायचं. हिंसा आणि लैंगिक संबंध दोन्ही आहेत. १७-१८च्या वाचकाला जरूर द्या, आधी 'टॅम लिन' हे स्कॉटिश पोवाड्यासारखं कथागीत वाचायला लावून.

ओसाडगावचा:
'गॉमरॅथ' (१९६३) ज्यांना 'वीअर्डस्टोन' आवडेल त्यांनी घरी वाचावं. बैठकीत फक्त शेवटची लेखकाची टीप वाचा. त्यात ते म्हणतात की पुस्तकातले मंत्र खरे आहेत, पण मुद्दाम अपुरे ठेवलेत, न जाणो! मुलं यावर अर्धा तास बोलतील.

'बोनलँड' २०१२चं, म्हणजे दुसऱ्या भागानंतर ४९ वर्षांनी. कॉलिन आता मोठा, जॉड्रल बँकच्या दुर्बिणीवर खगोलशास्त्रज्ञ. वयाच्या तेराव्या वर्षाआधीचं त्याला काहीच आठवत नाही आणि बहीण हरवलेली. त्याच्या जोडीला अश्मयुगातल्या एका राखणदाराची कथा. पहिली दोन ज्या मुलांसाठी होती ती मुलं साठीच्या घरात पोचल्यावर त्यांच्यासाठी लिहिलेलं पुस्तक म्हणा हवं तर. चौदाव्या वर्षी हातात दिलं तर फसवणूक वाटेल. पालकांना सुचवा. स्वतःच्या मनोविकाराबद्दल, उन्माद-विषाद चक्राबद्दल, गार्नर व्याख्यान-निबंधांतून मोकळेपणी बोललेत. ते वाचलेलं असेल तर 'बोनलँड'मधलं मानसोपचाराचं दालन अधिक उलगडतं.

मृद्गंध:
चौथ्या बैठकीला 'द स्टोन बुक', १९७६. 'स्टोन बुक क्वार्टेट'मधलं पहिलं. साठ पानांच्या आत, मोठ्याने वाचलं तर एका बैठकीत बसतं. जादू एकही नाही, तरी गटातल्या जादूवेड्या मुलांनाही आवडतं. मेरी दगडफोड्या बापाकडे प्रार्थनेचं पुस्तक मागते, तिला वाचता येत नाही तरी. चर्चच्या मनोऱ्यावर काम करणाऱ्या बापाला डबा द्यायला ती शिड्या चढून जाते, आणि तो तिला टोकावरच्या वाऱ्याच्या कोंबड्यावर बसवून गरगर फिरवतो. नंतर तो तिला जमिनीखाली, एका अशा जागी पाठवतो जी त्या घराण्यातली माणसं एकदाच बघतात. शेवटी पुस्तकाच्या आकाराचा घडवलेला दगड देतो, ज्यात कोट्यवधी वर्षांची पानं आहेत. चार पुस्तकांत चार पिढ्या: दगड, लोखंड, पहिलं महायुद्ध, दुसरं महायुद्ध.

चेशर बोलीचे शब्द त्यात कोशाशिवाय येतात. मुलं थांबली तर अर्थ सांगत बसू नका, ते वाक्य पुन्हा जोरात वाचा. हातातल्या कामावरून अर्थ लागतो. मागोमाग काही वाचायचं म्हणाली तर लोककथांचे त्यांचे संग्रह आहेत, 'अ बॅग ऑफ मूनशाइन' (१९८६) सगळ्यात सोपा, एकेक कथा चार-पाच पानांची. आणि 'ट्रीकल वॉकर' (२०२१) तुम्ही स्वतःसाठी घ्या. ते बुकर पुरस्काराच्या अंतिम यादीत होतं आणि २०२२चा निकाल लागला त्या दिवशी गार्नर ८८ वर्षांचे झाले. पुस्तक बारीक आहे, पण दोनदा वाचावं लागतं.

जुनाबुकमार्क:
क्रम मग असा ठेवा ताई: दंतकथा आणि खाणीतला भाग, मग 'एलिडॉर'ला एक बैठक (पुस्तक आधी घरी वाचायला, शेवट सोडून), तिसरीत मॅबिनॉगीची कथा, कागदी घुबड आणि 'आउल सर्व्हिस'ची दोन प्रकरणं, चौथीत 'स्टोन बुक'. 'एलिडॉर'च्या प्रती तीन आठवडे आधी वाटा, एका आठवड्यात सगळ्यांचं वाचून होत नाही.